अडतीस टॉर्पेडो

6 ऑक्टोबर 1966 रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा ‘द एनिमी विदिन’ हा भाग दाखवला गेला. रिचर्ड मॅथेसन यांनी लिहिलेल्या या भागात एंटरप्राइज यानावरचा ट्रान्सपोर्टर बिघडतो. माणसाला एका ठिकाणी अदृश्य करून दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा उभा करणारं हे यंत्र कॅप्टन कर्कची दोन माणसं करून ठेवतं: एक सौम्य पण निर्णय घेऊ न शकणारा, दुसरा हिंस्र. यंत्र दुरुस्त होईपर्यंत खाली ग्रहावर उतरलेल्या सुलू या अधिकाऱ्याला आणि त्याच्या सोबत्यांना वर आणता येत नाही. तिकडे रात्र पडते आणि तापमान उणे 120 अंशांकडे घसरू लागतं. सुलू फेजरच्या किरणांनी दगड तापवतो आणि ही माणसं अंगाभोवती पांघरुणं लपेटून त्या दगडांना बिलगून बसतात. प्रसंग चांगला लिहिलेला आहे आणि जॉर्ज टाकेई यांनी तो मन लावून केला आहे. पण पुढची मालिका पाहिलेल्या माणसाच्या मनात इथे एक साधा प्रश्न येतोच. एंटरप्राइजवर शटल नावाची छोटी यानं असतात ना? मग एखादं शटल खाली पाठवून या लोकांना घेऊन का येत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर कथेत नाही, ते कथेबाहेर आहे. शटल तोवर जन्मालाच आलेलं नव्हतं. ते पडद्यावर प्रथम ठळकपणे आलं जानेवारी 1967मध्ये, ‘द गॅलिलिओ सेव्हन’ या भागात. पूर्ण आकाराचं शटल उभारण्याचा खर्च मालिकेला झेपणारा नव्हता; प्लॅस्टिकची जोडायची मॉडेलं विकणाऱ्या एएमटी या कंपनीने एंटरप्राइजची मॉडेलं विकण्याच्या हक्कांच्या बदल्यात ते करून दिलं. म्हणजे सुलू थंडीने काकडत होता त्या रात्री कथेत काहीच चुकलेलं नव्हतं. चूक तीन महिन्यांनी तयार झाली, आणि ती केली दुसऱ्याच लेखकांनी, दुसऱ्याच भागात, एका नव्या सोयीची भर घालून. दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथेतल्या चुकांचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. कादंबरीचा लेखक शेवटचं प्रकरण लिहून झाल्यावर मागे जाऊन पहिलं दुरुस्त करू शकतो. मालिकेचा पहिला भाग मात्र दाखवून झालेला असतो. लाखो लोकांनी पाहिलेलं आता न पाहिलेलं करता येत नाही, आणि पुढचा प्रत्येक लेखक त्या न बदलणाऱ्या भूतकाळावरच नवा मजला चढवत असतो.

एका भागाच्या आतली सलगता सांभाळायला माणूस नेमलेला असतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. एका सेटवरचे सगळे प्रसंग एकदम उरकले जातात. त्यामुळे सोमवारी दारातून बाहेर पडलेलं पात्र गुरुवारी दाराच्या पलीकडे पाऊल टाकतं, तेव्हा त्याच्या कॉलरचं बटण उघडं होतं की लागलेलं, पेला कोणत्या हातात होता, जखम डाव्या भुवईवर होती की उजव्या, याची नोंद कुणीतरी ठेवावी लागते. ‘कंटिन्युइटी’ सांभाळणाऱ्या या माणसाची वही म्हणजे सेटची स्मरणशक्ती. पण ही वही त्या भागापुरती. दोन भागांमधली, दोन वर्षांमधली, दोन लेखकांमधली सलगता कोण सांभाळणार? त्यासाठी मालिकेचं ‘बायबल’ असतं, म्हणजे पात्रं कोण, यंत्रं काय करू शकतात, कुठल्या गोष्टी करायच्या नाहीत हे सांगणारा दस्तऐवज. तो मालिका सुरू होण्याआधी लिहिला जातो आणि पुढे घडणाऱ्या गोष्टी त्याला ठाऊक नसतात. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या सुरुवातीच्या भागात कर्कसाठी खोदलेल्या थडग्याच्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ असं कोरलेलं स्पष्ट दिसतं. पुढे हा माणूस जगभर जेम्स टी. कर्क म्हणून ओळखला गेला. ज्या दिवशी तो दगड रंगवला, त्या दिवशी मधल्या अक्षराला काही महत्त्व येईल असं कुणाच्या मनातही आलं नसणार.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची गोष्ट याहून बोलकी आहे. काळात प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या नायकाच्या, 23 नोव्हेंबर 1963ला सुरू झालेल्या या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले. टेप महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार असा तेव्हाचा हिशेब होता. अशा मालिकेत अटलांटिस बेट तीन वेळा तीन निरनिराळ्या कारणांनी बुडतं, 1967च्या, 1971च्या आणि 1972च्या कथांच्या म्हणण्याप्रमाणे. ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्टच्या ‘युनिट’ या लष्करी तुकडीच्या कथा नेमक्या कोणत्या साली घडतात, यावर तर चाहत्यांनी अर्धशतक वाद घातला आहे. 1975च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये सारा जेन ही पत्रकार आपण 1980 सालातून आलो असं सांगते, तर 1983च्या ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये ब्रिगेडियर 1976 सालीच निवृत्त होऊन शाळेत शिकवायला लागलेले असतात. सारा जेनच्या काळात हेच ब्रिगेडियर तर गणवेशात वावरत होते. या गोंधळामागेही एक अगदी मानवी कारण आहे. ‘मॉड्रिन अनडेड’मधला शिक्षक मुळात इयन चेस्टर्टन असायचा होता, म्हणजे डॉक्टरच्या 1963पासूनच्या पहिल्या सहप्रवाशांपैकी एक. तो नट मिळाला नाही, म्हणून ती भूमिका ब्रिगेडियरकडे गेली आणि सालांचा हिशेब कोलमडला. 2008मध्ये मालिकेने स्वतः हा वाद एका वाक्यात कबूल केला: युनिटसाठी आपण सत्तरच्या दशकात काम केलं की ऐंशीच्या, हे डॉक्टरलाच आठवत नाही.

या सगळ्या चुकांनी नेमकं काय बिघडलं? माझ्या मते, जवळपास काहीच नाही. कर्कच्या नावातलं अक्षर बदलल्याने त्याच्यावर येणारं संकट हलकं होत नाही. ब्रिगेडियर 1976मध्ये निवृत्त झाले की 1986मध्ये, यावर त्यांच्या एकटेपणाची धार अवलंबून नाही. 1982च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात खलनायक खान एंटरप्राइजवरच्या चेकोवला पाहताक्षणी ओळखतो. खरं तर खानचा मूळ भाग फेब्रुवारी 1967चा आणि चेकोव मालिकेत आला तो त्याच वर्षीच्या शरद ऋतूत. तरीही त्या क्षणी चेकोवच्या चेहऱ्यावरची भीती पाहणाऱ्याच्या अंगावर येते. ही सलगतेची चूक आहे, आणि ती तपशिलाची आहे. कथानकातलं भगदाड ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तपशील चुकत नाही. कार्य आणि कारण यांची सांगड तुटते. पात्राला जे सहज करता आलं असतं ते ते करत नाही, आणि का करत नाही याचं उत्तर कथेजवळ नसतं. समीक्षक आणि चाहते या दोन्ही गोष्टी एकाच यादीत घालतात, आणि मला वाटतं तिथेच त्यांचा निवाडा चुकतो. तपशिलाच्या चुकीला मोठ्या मनाने माफ करावं. भगदाडाला करू नये. विज्ञानकथेत तर मुळीच नाही.

विज्ञानकथेचा वेगळा उल्लेख करण्याचं कारण आहे. कौटुंबिक मालिकेला आपले नियम फुकटात मिळतात. पाचव्या मजल्यावरून पडलेला माणूस मरतो, पैसे संपले की घरभाडं थकतं, मुंबईहून नागपूरला पोचायला रात्र जाते, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. विज्ञानकथेत मात्र प्रत्येक मर्यादा लेखकालाच घालून द्यावी लागते. यान किती वेगाने जातं, ढाल किती मारा सोसते, मेलेला माणूस परत येऊ शकतो का, हे लेखकाने सांगितल्यावाचून प्रेक्षकाला कळण्याचा दुसरा मार्गच नाही. त्यामुळे भीती, आशा, त्याग या सगळ्या भावना त्या सांगितलेल्या मर्यादेवर उधार घेतलेल्या असतात. मर्यादा गुपचूप बदलली की ती उधारी बुडते. प्रकाशापेक्षा वेगाने जाता येतं का, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचं चुकीचं उत्तर देऊनही उत्तम कथा लिहिता येते. आयझॅक असिमोव्ह यांनी 1975मध्ये ‘स्पेस: 1999’ या ब्रिटिश मालिकेतल्या विज्ञानाचे वाभाडे काढले होते. तिथे अणुकचऱ्याच्या स्फोटाने चंद्र पृथ्वीची कक्षा सोडून भरकटत जातो. असिमोव्ह यांचे आक्षेप रास्तच होते. पण चंद्र निसटला हे एकदा मान्य केलं, तर पुढची गोष्ट त्या चंद्रावरच्या माणसांशी प्रामाणिक राहते की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि कथेच्या दृष्टीने तोच मोठा आहे.

पुन्हा ट्रान्सपोर्टरकडे येऊ, कारण भगदाड कसं रुंदावत जातं हे त्याच्याइतकं कुठेच नीट दिसत नाही. प्रत्येक भागात एवढं मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चाचं होतं, म्हणून हे यंत्र आलं. खर्च वाचला, पण प्रत्येक संकटातून सुटकेचं एक दार कायमचं उघडं राहिलं, आणि लेखकांना दर भागात ते दार बंद करण्यासाठी वादळं, खनिजं, किरणोत्सर्ग आणि बिघाड शोधावे लागले. इथपर्यंत ठीक होतं. यंत्र चालत नाही हीही एक मर्यादाच. खरी पंचाईत झाली ती 1987पासूनच्या ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेत. 1989च्या ‘अननॅचरल सिलेक्शन’ या भागात डॉक्टर पुलास्की एका विकाराने झपाट्याने म्हाताऱ्या होतात. त्यांच्या केसांच्या ब्रशमधल्या एका केसातून त्यांचा मूळ डीएनए मिळतो, ट्रान्सपोर्टर त्यावरून त्यांना पूर्ववत करतो, आणि बाई तरतरीत होऊन बाहेर पडतात. 1992च्या ‘रास्कल्स’मध्ये तेच यंत्र कॅप्टन पिकार्डसह चौघांना लहान मुलं करतं आणि पुन्हा मोठंही करतं. त्याच वर्षीच्या ‘रेलिक्स’मध्ये जुन्या मालिकेतला इंजिनिअर स्कॉटी याच यंत्राच्या साठवणीत 75 वर्षं न म्हातारा होता, न मरता राहिलेला सापडतो. 1993च्या ‘सेकंड चान्सेस’मध्ये रायकर या अधिकाऱ्याचे दोन रायकर झालेले कळतात. हे चार भाग सुटे पाहिले तर चारही सुरेख आहेत. एकत्र ठेवले तर त्यांचा अर्थ असा होतो की या यानावर वार्धक्याला, रोगाला आणि मृत्यूला उत्तर आहे, आणि ते दररोज माणसांची ने-आण करण्यासाठी वापरलं जातं. तरीही नंतरच्या भागांत माणसं आजारी पडतात, म्हातारी होतात, मरतात, आणि तो ब्रश कुणालाही आठवत नाही. इथे विरोध साल-तारखांचा नाही. इथे प्रत्येक मृत्यूशय्येपाशी एक न विचारलेला प्रश्न उभा राहतो.

सगळ्यात मोठी संधी वाया गेली ती 1995मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ची. कल्पना विलक्षण होती. एक यान आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाला फेकलं जातं. घर 70,000 प्रकाशवर्षं दूर, परतायला 75 वर्षं लागणार, वाटेत एकही तळ नाही, गोदी नाही, मदत नाही. त्यात खलाशी दोन वैरी गटांतले. मालिकेच्या सुरुवातीच्या ‘द क्लाउड’ या भागात हिशेब मांडला जातो: यानावर 38 फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि संपले की नवे मिळायचे नाहीत. हा आकडा कुणी मागितलेला नव्हता. लेखकांनी तो आपण होऊन दिला, आणि त्या क्षणी प्रत्येक टॉर्पेडोला किंमत आली. पुढे सात वर्षं ते सुटत राहिले. चाहत्यांनी बोटांवर मोजलं तेव्हा आकडा अडतीसच्या कितीतरी पलीकडे गेलेला होता. शटलचंही तसंच, एकामागून एक फुटत गेली, संपली मात्र कधीच नाहीत. अन्न तयार करणाऱ्या यंत्रांची ऊर्जा रेशनवर आहे म्हणून यानावरचा आचारी नीलिक्स चूल मांडतो, पण करमणुकीच्या होलोडेकवर अख्खी गावं उभी राहतात. त्यावर मालिकेने दिलेलं स्पष्टीकरण असं की होलोडेकची ऊर्जा इतर यंत्रणांशी जुळत नाही. असं ठिगळ लावलं की भोक झाकलं जातं, पण कापड विरलंय हेही सगळ्यांना दिसतं. 1997च्या ‘इयर ऑफ हेल’ या दोन भागांच्या कथेत यान खरोखर मोडतं, डेक उजाड होतात, माणसं जायबंदी होतात, आणि पहिल्यांदाच ही मालिका आपल्या कल्पनेला जागते. शेवटी काळाचं चक्र उलटं फिरतं आणि यातलं काहीच घडलेलं नसतं.

याच मालिकेतल्या ‘थ्रेशोल्ड’ या 1996च्या भागाची मात्र वेगळी दखल घ्यायला हवी, कारण भगदाडाचा इतका निखळ नमुना क्वचित सापडतो. यानाचा वैमानिक टॉम पॅरिस वेगाची मर्यादा ओलांडून अमर्याद वेग गाठतो आणि क्षणात विश्वाच्या कुठल्याही बिंदूपर्यंत पोचण्याचा मार्ग सापडतो. त्याची किंमत अशी की शरीर बदलत जातं. पॅरिस आणि कॅप्टन जेनवे यांचे अखेर सरड्यासारखे जीव होतात. यानावरचा डॉक्टर दोघांनाही पूर्ववत करतो. आता प्रेक्षकाला गणित समोर दिसतं: घरी पोचण्याचा मार्ग आहे, त्याचा दुष्परिणाम आहे, आणि त्या दुष्परिणामावर सिद्ध झालेला इलाजही आहे. सगळ्यांनी जावं, घरी पोचल्यावर सगळ्यांवर इलाज करावा. पुढच्या आठवड्यात हा विषय कुणी काढत नाही, आणि त्यानंतर पाच वर्षं ही माणसं घराच्या ओढीने झुरत राहतात. या भागाला मेकअपसाठी एमी पुरस्कार मिळाला, आणि मेकअपच्या कारागिरांनी तो कमावलेलाच होता. पण त्याचे लेखक ब्रॅनन ब्रागा यांनी पुढे स्वतःच या भागाबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली. मालिकेचा संपूर्ण डोलारा ज्या एका ओढीवर उभा होता, तीच ओढ या भागाने निरर्थक केली.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की शेवटी हे सगळं काल्पनिक आहे, मग तर्काचा एवढा आग्रह कशाला? पण काल्पनिक असणं आणि बेहिशेबी असणं एक नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो निर्मितीच्या बाजूने येतो. वर्षाला पंचवीस-सव्वीस भाग, प्रत्येकासाठी सातआठ दिवसांचं चित्रीकरण, आणि पुढे स्थानिक वाहिन्यांवर ते कसेही उलटसुलट क्रमाने दाखवले जाणार. म्हणून वाहिन्यांना प्रत्येक भाग सुटा हवा असायचा. शेवटी सगळं जागच्या जागी यायला हवं. ‘फायरफ्लाय’ या विज्ञानकथा मालिकेच्या बाबतीत तर फॉक्स वाहिनीने 2002मध्ये भागांचा क्रमच बदलला आणि पात्रांची ओळख करून देणारा पहिला भाग डिसेंबरात, प्रसारणाच्या अगदी शेवटी दाखवला. लेखकांनी नीट विणलेली कथा तिथे वेळापत्रकाने उसवली. ही बंधनं खरी आहेत आणि ‘व्हॉयेजर’च्या लेखकांना दोष देताना ती विसरता कामा नयेत. तरीही बंधनं असताना न पाळता येणारं वचन देऊ नये, एवढं तर हातात असतंच. दर आठवड्याला यान नवंकोरं दिसायलाच हवं होतं, तर टॉर्पेडो मोजून दाखवायला नको होते.

दुसरा रस्ता होता याचा पुरावा रोनाल्ड डी. मूर यांनी दिला. ते 1999मध्ये थोडाच काळ ‘व्हॉयेजर’वर होते आणि नाराज होऊन बाहेर पडले. त्यांनी नव्याने घडवलेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त मानवजातीचे उरलेसुरले लोक एका ताफ्यातून पळत असतात. राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत एक पांढरा फळा आहे आणि त्यावर जिवंत माणसांचा आकडा हाताने लिहिलेला आहे. ‘33’ या पहिल्या भागात शत्रू दर 33 मिनिटांनी हल्ला करतो, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, आणि स्वतःच्याच प्रवाशांनी भरलेलं एक जहाज पाडण्याचा हुकूम द्यावा लागतो. भाग संपताना ताफ्यात एक मूल जन्मल्याची बातमी येते आणि राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिन फळ्यावरचा शेवटचा अंक पुसून तिथे एकाने मोठा अंक लिहिते: 47,973. पुढे हा आकडा दर आठवड्याला शीर्षकांत येत राहिला आणि घडलेल्या गोष्टींप्रमाणे घटत-वाढत राहिला. तो दर वेळी काटेकोर होता का, याची छाननी करणाऱ्यांनी ती जरूर करावी. महत्त्वाचं हे की प्रत्येक मरणाची नोंद झाली आणि ती पुसली गेली नाही. यान मळत गेलं, तडकत गेलं, आणि शेवटच्या सीझनपर्यंत त्याचा सांगाडाच थकला.

याच मालिकेने दुरुस्तीतला धोकाही दाखवून दिला. सायलॉन या मानवसदृश यंत्रांचे बारा नमुने आहेत, हे सुरुवातीलाच सांगून झालं होतं. सात उघड झाले, पाच गूढ राहिले. पण उघड झालेल्यांपैकी शॅरन आधीच ‘नंबर एट’ म्हणून ओळखली जात होती. सात नमुन्यांत आठवा क्रमांक आला कसा? सातवा कुठे गेला? हिशेबातली ही फट बुजवायला लेखकांनी 2009च्या ‘नो एक्झिट’मध्ये डॅनियल नावाचा एक नष्ट झालेला सातवा नमुना निर्माण केला. डॅनियल कलावंत होता असा ओझरता उल्लेख झाला मात्र, आणि प्रेक्षक त्या धाग्यामागे धावले. मालिकेतली वैमानिक स्टारबक हिचे हरवलेले संगीतकार वडील तेच असणार, असे आडाखे बांधले गेले. मूर यांना अखेर सांगावं लागलं की त्यात तसलं काहीच नाही. क्रमांकाची चूक तशीच राहिली असती तर कुणाचं काही अडलं नसतं. ती दुरुस्त करताना मात्र एक वचन दिलं गेलं, जे पाळायचा कुणाचा विचारच नव्हता.

तपशिलाच्या चुका शोधून-शोधून बुजवायला लागलं की काय होतं, याचा धडा ‘डॉक्टर हू’ने ऐंशीच्या दशकात दिला. 1985ची ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’ ही कथा 1966च्या ‘द टेन्थ प्लॅनेट’ आणि 1967च्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या कथांच्या धाग्यांवर रचलेली आहे. यातली 1967ची कथा तेव्हा बीबीसीच्या संग्रहातही नव्हती. तिच्या प्रती हाँगकाँगमध्ये सापडून परत आल्या त्या 1991च्या अखेरीस. अठरा वर्षांपूर्वी एकदा पाहिलेलं, आता कुणालाच पाहता न येणारं काहीतरी आठवलं तरच नीट समजेल अशी कथा शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या मुलांपुढे ठेवली गेली. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगन या परग्रही जमातीच्या कपाळांचंही असंच. 1967मध्ये सपाट असलेली ती कपाळं 1979च्या चित्रपटापासून खवल्याखवल्यांची झाली, कारण मेकअपला पैसा मिळाला. 1996च्या ‘ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स’ या भागात वॉर्फ हा क्लिंगन अधिकारी परक्यांशी आम्ही याविषयी बोलत नाही एवढंच सांगून विषय मिटवतो, आणि त्या उत्तरात त्याच्या जमातीचा सगळा ताठा येतो. 2005मध्ये ‘एंटरप्राइज’ मालिकेने जनुकीय विषाणूची साथ कल्पून दोन भागांत सविस्तर खुलासा केला. तो तर्कशुद्ध आहे. पण मला वॉर्फचं उत्तरच अधिक खरं वाटतं.

तर मग चुका मोजणाऱ्या चाहत्यांचे कष्ट फुकट म्हणायचे का? मुळीच नाही. 1911मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांमधल्या विसंगतींवर धर्मग्रंथांच्या अभ्यासाची शिस्त लावून निबंध लिहिला, तेव्हापासून हा खेळ सुरू आहे. डॉ. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला असते, यावर शतकभर लिहिलं गेलं. आपल्याकडे याची मुळं फार खोल जातात. मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला बसून महाभारतावर टीका लिहीत होते, तेव्हा परस्परविरोधी श्लोकांची संगती लावणं हा त्यांच्या कामाचा भागच होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919मध्ये सुरू केलेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम याच्या उलट दिशेने गेलं: पाठभेद मिटवायचे नाहीत, सगळे तळटीपांत मांडायचे आणि जुना पाठ कोणता ते ठरवायचं. ते पूर्ण झालं 1966मध्ये, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ सुरू झालं त्याच वर्षी. 2003पासून चाहत्यांनी उभा केलेला ‘मेमरी अल्फा’ हा कोश मला या दुसऱ्या परंपरेतला वाटतो. तो विरोध लपवत नाही. कोणत्या भागात काय म्हटलं आहे ते शेजारी-शेजारी ठेवतो.

शेवटचा आक्षेप असा की आता काळ बदलला आहे. सगळी कथा आधी ठरवून मग चित्रीकरण केलं की प्रश्नच मिटतो. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन 5’ नेमकी याच विचाराने पाच वर्षांची कादंबरी म्हणून आखली आणि तिच्या 110 भागांपैकी 92 स्वतः लिहिले. तरी पहिल्या वर्षानंतर नायक सिंक्लेअरची भूमिका करणारे मायकल ओ’हेअर मालिकेबाहेर गेले. स्ट्रॅझिन्स्की यांनी प्रत्येक पात्रासाठी एक चोरदार आधीच ठेवलेलं होतं, म्हणून कथा कोसळली नाही. 1994च्या ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’मधलं कोडं त्यांनी 1996मध्ये सिंक्लेअरला परत आणून सोडवलं, थोडे तपशील इकडेतिकडे करून. बेटावर अडकलेल्या विमानप्रवाशांच्या ‘लॉस्ट’ या मालिकेच्या निर्मात्यांना तर निसर्गानेच गाठलं. पहिल्या सीझनची कथा बेटावरच्या जेमतेम दीड महिन्याची, पण ती घडायला वर्ष लागलं आणि वॉल्टची भूमिका करणारा मुलगा ताडमाड वाढला. एवढं महत्त्वाचं पात्र त्यांना बाजूला काढावं लागलं आणि त्याच्याभोवती रचलेलं गूढ बऱ्याच अंशी तसंच लोंबकळत राहिलं. मुलगा उंच झाला हे प्रेक्षक हसून सोडून देतील. पण त्याच्यात काय शक्ती होती हे विचारायचा त्यांना हक्क आहे, कारण ते कुतूहल मालिकेनेच निर्माण केलं होतं.

तपशील बदलून गाभा कसा राखता येतो, याचं मला पटलेलं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. 1967च्या ‘स्पेस सीड’मध्ये खान नूनियन सिंग हा बहुधा उत्तर भारतातला शीख असावा असं सांगितलं आहे, आणि त्याने 1992 ते 1996 या काळात पृथ्वीच्या पाव भागाहून अधिक प्रदेशावर सत्ता गाजवली असं लिहून ठेवलं आहे. ती वर्षं आली आणि गेली. असं काही झालं नाही. 2023मध्ये ‘स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेने हा इतिहास पुढे सरकवला. काळात ढवळाढवळ करायला पाठवलेली एक रोम्युलन हेर चिडून सांगते की हे सगळं 1992मध्येच व्हायचं होतं आणि आपण तीस वर्षं इथे अडकून पडलो आहोत. पण तो भाग तारखांच्या खुलाशासाठी लिहिलेला नाही. खानची वंशज ला’आन त्याच काळात येऊन पोचते आणि तिच्यासमोर खान उभा असतो, एक घाबरलेला लहान मुलगा. हा मुलगा पुढे काय करणार हे तिला माहीत आहे, तिच्या हातात पिस्तूल आहे, आणि त्याला मारलं तर ज्या आडनावाने तिचं आयुष्य नासवलं ते तिच्यामागून कायमचं जाईल. ती पिस्तूल दूर सारते आणि त्याच्याशी बोलते. साल कोणतं, हे त्या खोलीत कुणीच विचारत नाही.